आधी माल, मग बिल!

जर्मनीत ऑनलाइन खरेदी करताना पैसे भरायच्या पानावर एक पर्याय हमखास दिसतो: ‘काउफ आउफ रेश्नुंग’, म्हणजे बिलावर खरेदी. कार्डाचा नंबर द्यायचा नाही, ओटीपीची वाट बघायची नाही, दारात उभं राहून सुट्टे मोजायचे नाहीत. खोकं घरी येतं. आत माल असतो, सोबत किंवा ईमेलवर बिल असतं. ते १४ किंवा ३० दिवसांत बँकेतून भरायचं. तोवर बूट घालून घरभर हिंडा, कोट घालून आरशासमोर उभे राहा. तुमच्या खात्यातून एक सेंटही गेलेला नसतो. कोलोनच्या ईएचआय संस्थेच्या पाहण्यांत ही पद्धत वर्षानुवर्षं पहिल्या दोन क्रमांकांत राहिली आहे. ऑनलाइन उलाढालीतला साधारण चौथा हिस्सा तिच्या वाट्याला येतो.

दुकानदारानं आधी विश्वास टाकायचा आणि गिऱ्हाइकानं मागाहून तो खरा करायचा, एवढ्यावर हे सगळं चालतं. जोखीम दुकानदाराच्या खांद्यावर असते, म्हणून मला ही पद्धत मनापासून आवडते. तिच्यामागे बुटांचे जोड आहेत, विजेची बिलं आहेत, बर्गर आहेत आणि पोटदुखीवरचं एक औषधही आहे.

२८ जोड, ३०० प्रती

सुरुवात हॅम्बुर्गची. वेर्नर ओटो यांचा बुटांचा कारखाना बंद पडला होता. १९४९ साली त्यांनी ६,००० मार्कांच्या भांडवलावर टपालानं बूट विकायचा धंदा मांडला. १९५० चा त्यांचा पहिला कॅटलॉग असा होता: पानं १४, बुटांचे जोड २८, प्रती ३००. फोटो हातानं चिकटवलेले, पानं हातानं बांधलेली.

त्या काळी टपालानं आलेल्या वस्तूचे पैसे पोस्टमनच्या हातावर ठेवावे लागत, मगच पार्सल हाती येई. ओटोंनी ते उलटं केलं. पार्सलसोबत बिल पाठवलं आणि पैसे नंतर भरायची मुभा दिली. युद्धानंतर पाचच वर्षं झालेली, लोकांच्या खिशात फार काही नाही, आणि अशा वेळी एक अनोळखी दुकानदार सांगतोय की आधी घालून बघा! १९५१ साली ह्या धंद्याची उलाढाल १० लाख मार्कांवर पोचली.

लवकरच आणखी एक शक्कल निघाली. गल्लीतली किंवा कचेरीतली एक व्यक्ती सगळ्यांच्या ऑर्डरी गोळा करी, एकत्र पाठवी, आलेला माल वाटून देई आणि पैसे जमा करून भरी. त्याबद्दल तिला कमिशन मिळे. कोण वेळेवर पैसे देतं आणि कोण टाळाटाळ करतं, हे शेजारणीला जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्या बँकेला ठाऊक असणार? इंग्लंडातही टपालविक्रीच्या कंपन्या अशाच मोहल्ल्यातल्या एजंटांच्या जिवावर वाढल्या.

ओटोंचा जाडजूड कॅटलॉग शेवटचा छापला गेला डिसेंबर २०१८ मध्ये. पानं होती ६५६. वेर्नर ओटो स्वतः १०२ वर्षं जगले. त्यांची बिलावर माल द्यायची रीत कॅटलॉगच्याही पुढे टिकली आणि वेबसाइटवर जाऊन बसली.

पैसे दिले नाहीत, तर पँट कोणाची?

घरात आलेली, अंगावर चढवलेली, बिल न भरलेली पँट कायद्यानं कोणाची? बहुतेक वेळा दुकानदाराची. जर्मन नागरी संहितेचं कलम ४४९ सांगतं की विक्रेता मालकी राखून माल देऊ शकतो आणि पूर्ण पैसे मिळाल्यावरच ती गिऱ्हाइकाकडे जाते. ऑनलाइन दुकानांच्या अटींमध्ये हे कलम ठरलेलंच असतं. चौदाव्या दिवशी पैसे भरणारा माणूस तेरा दिवस दुसऱ्याच्या मालकीच्या बुटांत फिरत असतो.

ह्याच संहितेत आणखी एक बहारदार कलम आहे, २४१ अ. न मागवलेली वस्तू कोणी धंदेवाल्यानं तुमच्या घरी पाठवली आणि वर बिल लावलं, तर पैसे द्यायचं बंधन तुमच्यावर येत नाही. दारात आलेल्या नकोशा पार्सलावरून अमेरिकेतली एक गोष्ट आठवते. १८८६ साली मिनेसोटातल्या नॉर्थ रेडवुड ह्या छोट्या रेल्वे स्टेशनवर शिकागोहून खिशातल्या घड्याळांचं एक पार्सल आलं. गावातल्या जवाहिऱ्यानं ते घ्यायला नकार दिला. स्टेशनवरच्या तरुण एजंटानं ती घड्याळं स्वतः ठेवून घेतली आणि दुसऱ्या स्टेशनांवरच्या एजंटांना विकली. त्याचं नाव रिचर्ड सीअर्स. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या टपालविक्री कंपनीचा पाया असा एका नाकारलेल्या पार्सलातून घातला गेला. पुढे ह्याच सीअर्सच्या जाहिरातींत ठळक अक्षरांत आवाहन असे की आत्ता पैसे पाठवू नका. माल स्टेशनवर येऊ द्या, तपासा, पसंत पडला तर तिथेच पैसे भरा.

नेदरलँड्सनं तर गिऱ्हाइकाची बाजू थेट कायद्यात लिहून ठेवली. तिथल्या नागरी संहितेप्रमाणे सामान्य ग्राहकाला किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ भरायची सक्ती करता येत नाही. गिऱ्हाईक स्वखुशीनं सगळे पैसे आधी भरू शकतं, आणि बहुतेक डच लोक तसं करतातही. पण ‘सगळे आधी टाका, नाहीतर माल नाही’ असं दुकानानं म्हणायचं नाही.

तीन मापं मागवा, एक ठेवा

बर्लिनच्या झालांडोची सुरुवात २००८ साली चपला विकण्यापासून झाली. त्यांची टीव्हीवरची जाहिरात जर्मनीत तोंडोतोंडी झाली: पार्सल उघडताच आनंदानं किंचाळणाऱ्या बायका, आणि संदेश हा की आवडलं तर किंचाळा, नाहीतर परत पाठवा. परत पाठवायला मुदत दिली १०० दिवसांची.

बिलावरच्या खरेदीचा खरा फायदा कपड्यांत आणि बुटांत कळतो. ३८, ३९ आणि ४० अशी तिन्ही मापं मागवायची, बसेल ते ठेवायचं, उरलेली दोन परत पाठवायची आणि एकाच जोडाचे पैसे भरायचे. आधी पैसे भरले असते तर तिन्ही जोडांची रक्कम अडकून पडली असती आणि परताव्याची वाट बघावी लागली असती. ज्याच्या महिन्याच्या खर्चाचं गणित काटेकोर आहे, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

ह्याची दुसरी बाजूही तेवढीच मोठी. बामबेर्ग विद्यापीठाचा एक गट फक्त परत येणाऱ्या पार्सलांचा अभ्यास करतो. त्यांच्या अंदाजानं २०२१ मध्ये जर्मनीत सुमारे ५३ कोटी पार्सलं परत गेली, म्हणजे पाठवलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. परत पाठवण्यात जर्मन लोक युरोपात आघाडीवर असण्यामागे बिलावरची खरेदी हे एक कारण असल्याचं हा गट सांगतो. पैसे गेलेलेच नसले की हात सैल सुटतो. त्या दोन जोडांच्या येण्याजाण्याचं डिझेल जळतं आणि कुणीतरी ते खोकं जिना चढून आणलेलं असतं. माप माहीत असेल तर एकच जोड मागवावा, असं मला कळकळीनं वाटतं.

विजेच्या बिलातून निघालेली पत

अनोळखी माणसाला उधार द्यायचं तर त्याची पत कळायला हवी. जर्मनीत हे काम ‘शुफा’ करते, आणि तिचा जन्म चक्क विजेच्या मीटरपाशी झाला.

१९२० च्या दशकातलं बर्लिन. शहराच्या वीज कंपनीला विजेचा खप वाढवायचा होता. लोकांकडे उपकरणंच नसतील तर वीज खपणार कशी? म्हणून कंपनी घरगुती उपकरणं हप्त्यांवर देऊ लागली आणि हप्ता विजेच्या बिलासोबत वसूल करू लागली. हप्त्यांवर कोणाला द्यायचं, हे ठरवायला कंपनीपाशी आयती माहिती होतीच: कोण विजेचं बिल वेळच्या वेळी भरतं. जो वेळेवर भरतो त्याला हप्ते मिळतील, एवढा साधा नियम. ह्या नोंदी इतर दुकानदारांनाही उपयोगी पडतील हे ध्यानात आलं आणि १९२७ साली त्यातून शुफा उभी राहिली. आज तिच्याकडे सुमारे ६ कोटी ८० लाख लोकांच्या नोंदी आहेत. बिलावरची खरेदी, घरभाडं, मोबाइलचा करार, सगळ्यांत तिचा शब्द चालतो.

डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयानं तिला एक मोठी चपराक दिली. शुफानं यंत्राकडून काढलेल्या आकड्यावरच समोरचा आपला होकार किंवा नकार बेतत असेल, तर आकडा काढणं हाच एक यंत्रानं घेतलेला निर्णय ठरतो आणि त्याला माहिती-संरक्षणाचे कडक नियम लागू होतात, असा निकाल आला. कोट्यवधी लोकांच्या आयुष्यावर परिणाम करणारं गणित कुलूपबंद राहू नये, हे योग्यच झालं.

मध्यरात्री सोफा मागवू नका!

आता ह्या सगळ्यातला माझा आवडता किस्सा. टोबियास बेर्ग, ड्यूक विद्यापीठाच्या मंजू पुरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एका जर्मन ऑनलाइन फर्निचर दुकानाच्या अडीच लाखांहून जास्त खरेद्या तपासल्या. दुकान माल आधी पाठवी आणि पैसे भरायला १४ दिवस देई. पैसे बुडवणारे कोण, हे निव्वळ वेबसाइटवरच्या वावरावरून ओळखता येतं का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा लेख २०२० साली अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात आला.

पहिली आनंदाची गोष्ट अशी की बुडवणारे १०० मागे एकाहूनही कमी निघाले. दुकानानं अगदीच कच्ची पत असलेल्यांना आधीच गाळलं होतं हे खरं, तरी आकडा मोठा सुखावणारा आहे.

मग पुढच्या गमती. अँड्रॉइड फोनवरून ऑर्डर देणाऱ्यांत बुडवण्याचं प्रमाण आयफोनवाल्यांच्या जवळपास दुप्पट होतं. ईमेलच्या पत्त्यात स्वतःचं नाव किंवा आडनाव असणारे इतरांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी बुडवत. जर्मन भाषेत नावाचं पहिलं अक्षर मोठं लिहितात. ज्यांनी नाव-पत्ता सगळा छोट्या अक्षरांत ओढून दिला, त्यांच्यात बुडवण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त. दुपारी बारा ते संध्याकाळी सहामध्ये ऑर्डर देणारे भरवशाचे. मध्यरात्रीनंतर देणाऱ्यांत प्रमाण दुपारच्या दुप्पट. किमतींची तुलना करणाऱ्या साइटवरून आलेलं गिऱ्हाईक जाहिरातीवर क्लिक करून आलेल्यापेक्षा बरंच खात्रीचं. आणि ईमेलचा पत्ता टाइप करतानाच चूक करणारे? त्यांच्यात १०० मागे पाच बुडवे!

ह्या बारीकसारीक खुणा एकत्र केल्या, तेव्हा त्यांचा अंदाज पत-संस्थेच्या आकड्याइतका, किंबहुना किंचित जास्तच अचूक आला.

ज्याची कुठेच नोंद नाही, अशा माणसाला ह्यामुळे दार उघडू शकतं. नवा नोकरीला लागलेला मुलगा किंवा परदेशातून नुकतीच आलेली मुलगी एरवी पत-संस्थेच्या वहीत कोरीच असते. पण रात्रपाळी करणारी नर्स मध्यरात्रीच खरेदी करणार, आणि स्वस्तातला फोन वापरणारा माणूस प्रामाणिक नसतो असं थोडंच आहे? अशा खुणांवरून नकार द्यायचा असेल तर त्याचं कारण माणसाला सांगितलं पाहिजे.

बर्गर भाजता भाजता

सेबास्टियन शेमियाटकोव्स्की आणि निकलास आदालबेर्त ह्या दोन स्वीडिश पोरांची ओळख बर्गर किंगमध्ये काम करताना झाली. पुढे दोघं स्टॉकहोमच्या अर्थशास्त्र महाविद्यालयात गेले. व्हिक्टर याकोबसॉन हा तिसरा गडी मिळाला आणि २००५ मध्ये त्यांनी कॉलेजच्या उद्योजक स्पर्धेत आपली कल्पना मांडली: ऑनलाइन गिऱ्हाइकानं माल मिळाल्यावर पैसे भरावेत, दुकानदाराला आम्ही लगेच देऊ, मधली जोखीम आमची. स्पर्धेत त्यांचा नंबर अगदी तळाशी लागला.

तरी ते थांबले नाहीत. जेन वालेरुद ह्या गुंतवणूकदार बाईंनी पैसे दिले आणि प्रोग्रामर गाठून दिले. त्या मंडळींनी सगळी यंत्रणा एरलँग भाषेत बांधली. एरलँग ही एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली भाषा. एका वेळी हजारो फोन जोडून देण्यासाठी बनवलेली हत्यारं आता हजारो बिलं सांभाळू लागली. १० एप्रिल २००५ रोजी सकाळी ११ वाजून ६ मिनिटांनी पहिला व्यवहार झाला, पॉकेटक्लुबेन नावाच्या स्वीडिश पुस्तकदुकानात. कंपनीचं तेव्हाचं नाव क्रेडिटॉर. २००९ मध्ये ते बदलून क्लार्ना झालं.

आतलं यंत्र असं चालतं. तुम्ही बिलाचा पर्याय निवडता. नाव, पत्ता, जन्मतारीख ह्यांवरून काही सेकंदांत ठरतं की तुम्हाला उधार द्यायचं का. होकार आला की मधली कंपनी दुकानदाराचं येणं स्वतःकडे घेते आणि आपलं कमिशन कापून त्याला पैसे देते. तुम्ही बुडवलंत तर नुकसान तिचं. म्हणून बिलावर भरायचे पैसे पुष्कळदा दुकानाच्या खात्यात न जाता भलत्याच नावाच्या खात्यात जातात. पहिल्यांदा हे बघून अनेकांना फसवणुकीची शंका येते; शंका घेणं चांगलंच, बिलावरचा खातेक्रमांक आणि ऑर्डरच्या ईमेलमधला मजकूर ताडून पाहावा.

पुढचा झोका जबरदस्त होता. २०१९ मध्ये रॅपर स्नूप डॉग क्लार्नाच्या गुलाबी जाहिरातींत झळकला. २०२१ मध्ये कंपनीची किंमत ४,५६० कोटी डॉलर धरली गेली, वर्षभरात ती ६७० कोटींवर आपटली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले.

दरम्यान बिलाचं रूप पालटत गेलं. चौदा दिवसांच्या बिलाशेजारी ‘तीन हप्ते करा’, ‘पुढच्या महिन्यावर ढकला’ अशी बटणं आली, आणि उशिराच्या दंडावर, व्याजावर कमाई होऊ लागली. माझ्या मते इथे एक रेघ ओलांडली जाते. माल बघून पैसे देणं वेगळं आणि न परवडणारा माल हप्त्यांवर घेणं वेगळं. स्वीडननं ती रेघ कायद्यानं आखली. १ जुलै २०२० पासून तिथल्या ऑनलाइन दुकानांना उधारीचा पर्याय यादीत सर्वांत वर ठेवता येत नाही. लगेच पैसे भरायचा मार्ग उपलब्ध असेल तर तो आधी दाखवावा लागतो. युरोपीय संघाचे ग्राहक-कर्जाचे नवे नियम २० नोव्हेंबर २०२६ पासून लागू व्हायचे आहेत आणि ‘आता घ्या, नंतर भरा’ वाल्या कंपन्या त्यांच्या कक्षेत येतात. साध्या बिलाला मात्र सूट ठेवली आहे. दुकानदार स्वतःच, तिसऱ्या कोणाला मध्ये न घेता, बिनव्याजी ५० दिवसांची मुदत देत असेल तर ते कर्ज धरलं जात नाही. मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना ही सूट १४ दिवसांपुरती. जुन्या बिलाला कर्जाच्या रांगेतून वेगळं काढलं, हे उत्तम झालं.

अंकांची गंमत

फिनलंडमध्ये बिलावर एक संदर्भ क्रमांक असतो आणि त्याचा शेवटचा अंक पहारेकरी असतो. समजा क्रमांक १२३ आहे. उजवीकडून सुरुवात करून अंकांना क्रमानं ७, ३, १ नी गुणा: ३ ला ७ नी गुणून २१, २ ला ३ नी गुणून ६, १ ला १ नी गुणून १. बेरीज २८. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे ३० ला, किती कमी? २. तो अंक शेवटी लावा, झाला १२३२. भरताना एखादा अंक चुकला तर गणित जुळत नाही आणि बँक तिथेच अडवते.

स्वित्झर्लंडमध्ये पैसे भरायच्या लाल आणि नारिंगी स्लिपा कित्येक पिढ्यांच्या सवयीच्या होत्या. ३० जून २०२० ला क्यूआर कोडचं बिल आलं आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून रंगीत स्लिपा बंद झाल्या. त्या क्यूआरच्या मधोमध स्विस क्रूस छापलेला असतो.

तोयामाची औषधपेटी

‘आधी वापरा, मग पैसे द्या’ हा शोध युरोपाचा असं कोणी म्हटलं, तर त्याला जपानमधलं तोयामा दाखवावं. तिथले फिरते औषधविक्रेते सतराव्या शतकापासून एक अफलातून धंदा करत आले आहेत. ते घरोघर औषधांची पेटी ठेवून जातात. पैसे घेत नाहीत. वर्षा-सहा महिन्यांनी परत येतात, पेटी उघडून काय वापरलं ते मोजतात, तेवढ्याचे पैसे घेतात, जुनी औषधं बदलतात, पेटी पुन्हा भरतात आणि पुढच्या गावाला निघतात.

ह्याची सुरुवात सांगतात ती अशी. १६९० साली एदोच्या किल्ल्यात एका सरदाराच्या पोटात भयंकर कळा आल्या. तोयामाचे सरदार माएदा मासातोशी ह्यांनी आपल्याजवळचं ‘हांगोन्तान’ हे औषध दिलं आणि कळा थांबल्या. भोवतालच्या सरदारांनी ते औषध आमच्याकडेही पाठवा म्हणून धोशा लावला आणि तोयामाचे विक्रेते देशभर पसरले.

विक्रेत्याची खरी दौलत म्हणजे त्याची वही. कोणत्या घरात किती माणसं, मागच्या वेळी कोणतं औषध संपलं, किती पैसे आले, सगळं तिच्यात. अशी वही दुसऱ्या विक्रेत्याला चांगल्या किमतीला विकता येई, कारण तिच्याबरोबर शेकडो घरांचा विश्वास हस्तांतरित होई. घरातल्या पोरांसाठी विक्रेता कागदी फुगे घेऊन जाई, त्यामुळे त्याची वाट पोरंही बघत.

त्याच जपानमध्ये २००२ साली ‘एनपी आतोबाराई’ ही सेवा सुरू झाली. ऑनलाइन मागवलेला माल आधी येतो, बारकोड छापलेली स्लिप मिळते, आणि १४ दिवसांत ती जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात नेऊन पैसे भरायचे. कॉफी घेता घेता बिलही भरून होतं.

आपल्याकडची जांगड

आपल्या आजी-आजोबांना ‘व्ही.पी.’ माहीत होती. १८७७ साली भारतीय टपाल खात्यानं ही सोय सुरू केली आणि पुस्तकं, औषधं, बियाणं खेडोपाडी पोचू लागलं. पण व्ही.पी. सोडवायची तर आधी पोस्टमनला पैसे द्यायचे आणि मग गाठ सोडायची. आजची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ पुष्कळदा तशीच: खोकं बंद, पैसे आधी. आत भलतीच वस्तू निघाली तर तक्रारीचा फेरा गिऱ्हाइकाच्या नशिबी येतो.

बिलावरच्या खरेदीचं खरं सख्खं भावंड आपल्या व्यापाऱ्यांकडे फार जुनं आहे, ते म्हणजे जांगड. माल बघायला घरी किंवा पेढीवर न्यायचा, पसंत पडला तर ठेवून भाव चुकता करायचा, नाहीतर जसाच्या तसा परत करायचा. तोवर मालकी देणाऱ्याची. मुंबईच्या हिरेबाजारात, पूर्वी ऑपेरा हाउसला आणि आता वांद्रे-कुर्ला संकुलात, जांगड चिठ्ठीवर लाखोंचे खडे दलालाच्या हाती दिले जातात. चिठ्ठीवर वजन, नग आणि भाव लिहिलेला असतो, खाली सही. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या २४ व्या कलमात ह्या प्रकारच्या व्यवहाराला जागा आहे: पसंतीवर दिलेला माल घेणाऱ्यानं मान्य केला, किंवा ठरलेल्या मुदतीत परत न करता ठेवून घेतला, की विक्री पक्की. जर्मन दुकानाची मालकी राखून ठेवण्याची अट आणि हिरेबाजारातली चिठ्ठी एकाच जातकुळीच्या आहेत. हिऱ्याला जो विश्वास मिळतो तो साडीला आणि बुटांना ऑनलाइन मिळायला हवा, असं मला फार वाटतं.

म्युनिकला निघालेल्यांसाठी

शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत जाणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या वाढते आहे, म्हणून थोडं कामाचं. नव्यानं गेलेल्याला बिलाचा पर्याय पहिल्याच दिवशी मिळेल असं नाही. नाव शुफाच्या नोंदीत नसतं, त्यामुळे नकार येऊ शकतो. त्यात वाईट वाटून घेऊ नये. पहिल्या काही खरेद्या लहान ठेवाव्यात. तिथल्या पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो, पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघतो, तेव्हा ऑर्डरवर, पत्रपेटीवर आणि नगरपालिकेतल्या नोंदीत नाव एकसारखं हवं. बिलाचा आणि घरपोच मालाचा पत्ता एकच असावा, असा पुष्कळ दुकानांचा आग्रह असतो.

मुदत टळली तर आधी स्मरणपत्र येतं. ते मुळीच बाजूला ठेवू नये, कारण त्यानंतर वसुलीवाल्या कंपनीचं पत्र येतं आणि त्यात खर्च जोडलेला असतो. बिलावर तशी सूचना छापलेली असेल, तर देय तारीख आणि बिल मिळाल्यापासून ३० दिवसांनी वेगळ्या स्मरणपत्राशिवायही माणूस थकबाकीदार ठरतो. माल न आवडल्यास तो मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करायचा हक्क सगळ्या युरोपीय संघात आहे. फक्त तसं दुकानाला स्पष्ट कळवायला हवं. आपल्याबद्दल शुफाकडे काय लिहून ठेवलंय ते युरोपीय माहिती-संरक्षण नियमाच्या १५ व्या कलमाखाली फुकट मागवता येतं; पैसे घेऊन मिळणारं प्रमाणपत्र वेगळं असतं, साइटवर दोन्ही जवळजवळ दिसतात, म्हणून नीट बघून फुकटची प्रत मागावी. आणि माल परत पाठवलात तर पार्सलची पावती बिल रद्द झाल्याचा ईमेल येईपर्यंत टाकू नका.